काळ्या मातीत मुरलेले इंधन

मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान राष्ट्रीय महामार्ग 53 वर, म्हणजेच लोकांच्या तोंडी अजूनही असलेल्या सहा नंबरच्या महामार्गावर, वडनेर भोलजी हे गाव येते. महामार्गावरील अशा कोणत्याही गावात रस्ता रुंद झाला किंवा त्याचे वळण बदलले की एखादा जुना पेट्रोलपंप बंद पडू शकतो. यंत्रे आणि छप्पर निघून जाते, जागा मोकळी दिसू लागते, परंतु जमिनीखालच्या पोलादी टाक्या काढल्या तरी त्यांच्या गंजलेल्या तळातून आणि नळांच्या सांध्यांतून झिरपलेले इंधन मातीतच राहते.

या इंधनात बेंझिन हा कर्करोगकारक घटक असतो. भारतातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण आकारमानाने एक टक्क्यापर्यंत चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम ठरवली आहे. या दोन आकड्यांवरून हिशेब केल्यास एक लिटर पेट्रोलमधील बेंझिन सुमारे नऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. शिवाय 2000 सालापर्यंत शिसेयुक्त पेट्रोल देशात विकले जात होते, त्यामुळे त्याआधीच्या टाक्यांभोवतालच्या मातीत शिशाचीही तपासणी करावी लागते.

तपासणीची सुरुवात कागदांपासून होते. टाक्यांचे नकाशे, परवाने आणि टाकीत पट्टी बुडवून रोज मोजलेल्या साठ्याच्या नोंदी यांतून टाक्या कुठे होत्या आणि साठा सतत कमी भरत होता काय, हे कळते. त्यानंतर टाकीचा तळ, इंधन भरण्याचे तोंड आणि नळांचे सांधे या गळतीच्या संभाव्य जागांखालून मातीचे नमुने घेतले जातात. बेंझिन हवेत सहज उडून जात असल्यामुळे नमुना लगेच घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भरून बर्फात ठेवावा लागतो. उन्हात उघडा राहिलेला नमुना प्रयोगशाळेत निर्दोष ठरू शकतो, आणि असा खोटा दिलासा तपासणी न करण्यापेक्षा वाईट.

हा परिसर ज्यात येतो त्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात मात्र मातीमुळे हे काम अवघड होते. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, म्हणून इंधन सारखे न पसरता भेगांतून वाट काढते आणि ठरावीक अंतरावर घेतलेली छिद्रे ती वाट नेमकी चुकवू शकतात. टाकीभोवती वाळू भरलेला खड्डा चिकणमातीत वाडग्यासारखा काम करतो. त्यात पावसाचे पाणी साठते, त्यावर इंधन तरंगते, आणि हे साठलेले पाणी भूजल समजून निष्कर्ष काढल्यास तो पूर्णपणे फसतो. खाली नदीच्या गाळाचे चिकणमाती आणि वाळू यांचे एकाआड एक थर असून काही ठिकाणी हा गाळ तीनशे मीटरहून खोल आहे, आणि प्रदूषण वाळूच्या थरांतून चिकणमातीपेक्षा कितीतरी वेगाने पुढे सरकते.

पाण्याच्या प्रवाहाची दिशा ठरवण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण विहिरी, म्हणजे जाळीदार नळ बसवलेली अरुंद छिद्रे, घेऊन त्यांतील पातळ्यांची तुलना करावी लागते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पातळीबरोबर वरखाली होते आणि मधल्या मातीला माखून ठेवते, म्हणून मे महिन्यातील एक फेरी आणि पावसाळ्यानंतरची एक फेरी अशा दोन्ही फेऱ्या आवश्यक असतात.

नांदुरा तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या पट्ट्यात येतो. खारे पाणी पोलाद लवकर गंजवते. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की जे पाणी कोणी पीत नाही त्याला पेट्रोलचा वास येतो अशी तक्रारही लवकर होत नाही. चेन्नईच्या तोंडियारपेट भागात 2013 साली भूमिगत नळातून झालेली गळती उघड झाली ती रहिवाशांच्या बोअरच्या पाण्यात इंधन आल्यामुळे. येथे गळती कळण्याचा तो मार्गही भरवशाचा नाही.

टाक्यांचे परवाने ज्या 2002 च्या पेट्रोलियम नियमांखाली येतात आणि ते नियम नागपुरात मुख्यालय असलेली जी केंद्रीय संघटना राबवते, त्यांचा मुख्य रोख आग आणि स्फोट यांवर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी 2020 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती प्रामुख्याने नव्या पंपांसाठी. दूषित जागांचे व्यवस्थापन करणारे नियम 2025 मध्ये आले. त्यांनुसार संशयित जागांची यादी जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाकडे द्यायची असून सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर पडतो. बंद पंप त्या यादीत यायचा असेल तर परवान्यांच्या जुन्या नोंदी महामार्गाच्या आजच्या नकाशाशी कोणीतरी ताडून पाहाव्या लागतील.