चार्जर बिघडलाय की बॅटरी?

मामांची बॅटरीवरची तीनचाकी सांगलीच्या गावभागातून निघाली आणि मारुती चौकाच्या अलीकडेच बसली. रात्रभर चार्जिंगला लावलेली, सकाळी चार्जरवर हिरवा दिवा. दुकानदारानं फोनवरच निदान केलं, "चार्जर गेला." नवा घेतला. चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तिथंच. मग मी साताऱ्याहून मीटर घेऊन गेलो.

परदेशात जिला मोबिलिटी स्कूटर म्हणतात, तिची आपल्याकडची जवळची बहीण म्हणजे ही तीनचाकी. कानपूरला १९७२ साली स्थापन झालेली 'अलिम्को' ही सरकारी कंपनी ती बनवते आणि दिव्यांगांच्या शिबिरांतून ती गावोगाव पोचते. आयात केलेल्या चारचाकी स्कूटरही आता दिसतात. मामांच्या गाडीत बारा-बारा व्होल्टच्या दोन सीलबंद शिशाच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले आहेत. पुढचे आकडे अशा गाडीचे. ४८ व्होल्टची असेल तर दुप्पट धरा. लिथियमची असेल तर हे आकडे लागू नाहीत, आणि तिला शिशाचा चार्जर तर मुळीच लावू नका.

चार्जरचं काम हंडा भरण्यासारखं आहे. आधी नळ पूर्ण सोडायचा, हंडा काठाशी आला की धार बारीक करायची, शेवटी थेंबथेंब. पहिल्या टप्प्यात चार्जर ठरावीक अँपिअर देत राहतो आणि बॅटरीचा दाब हळूहळू चढतो. तो साधारण २८.८ व्होल्टला पोचला की चार्जर दाब तिथंच धरतो आणि करंट आपोआप घटत जातो. करंट पुरेसा घटला की हिरवा दिवा लागतो आणि दाब २७ ते २७.६ च्या आसपास उतरतो. म्हणजे हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच, की बॅटरी आता करंट घेत नाही. पोट भरलं म्हणून घेत नाही की पोटच आकसलं म्हणून, हे दिव्याला कळत नाही.

सगळ्यात आधी, चार्जर उघडू नका. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकून राहू शकतात. तपासणी बाहेरूनच होते. भिंतीच्या सॉकेटमध्ये मीटरच्या सळ्या घालायचीही गरज नाही. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावा. तो पेटला तर भिंतीकडून तक्रार नाही.

आता मीटर. काळी वायर 'कॉम'मध्ये, लाल वायर व्होल्टच्या भोकात. दहा अँपिअरच्या भोकात ती राहिली आणि सळ्या बॅटरीला टेकल्या, तर थेट शॉर्ट होतो. डीसीची रेंज २०० ठेवा. वीसच्या रेंजला २४ व्होल्ट मावत नाहीत, पडद्यावर नुसता '१' येतो आणि माणूस घाबरतो. हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा.

इथं बहुतेक जण चुकतात. चार्जर भिंतीला लावून त्याच्या मोकळ्या प्लगवर मीटर धरतात, शून्य दिसतं आणि चार्जर मेला म्हणून फेकतात. पुष्कळ चार्जर समोर बॅटरी असल्याची खूण पटल्याशिवाय काहीच सोडत नाहीत. बॅटरी अगदी तळाला गेली असेल, तरीही ते ओळख दाखवत नाहीत. म्हणून तपासणी बॅटरी जोडूनच करायची.

गाडी चार-पाच तास उभी राहू द्या आणि सीटखालच्या बॅटऱ्यांवर माप घ्या. २५.४ किंवा वर म्हणजे भरलेली, २४.४ च्या आसपास अर्धी, २३.५ च्या खाली रिकामी. हाच आकडा गाडीच्या चार्जिंग सॉकेटवरही बहुधा मिळतो. बॅटरीवर मिळाला आणि सॉकेटवर नाही, तर मधला फ्यूज उडालाय किंवा वायर तुटलीय. आयात गाड्यांत तीन पायांचा गोल प्लग असतो. त्यात सहसा १ क्रमांक धन, २ ऋण, आणि तिसरा चार्जिंग चालू असताना गाडी हलू नये म्हणून.

मग चार्जर लावा आणि बॅटरीवरचं माप बघत राहा. आकडा लगेच थोडा उडी मारतो, मग सावकाश चढतो. अर्ध्या तासात तो जागचा हलला नाही आणि सॉकेट ठीक असेल, तर चार्जरवर संशय घ्या. उलट रिकाम्या बॅटरीवर तो दहा मिनिटांत २८ च्या वर गेला, तर चार्जर काम करतोय, बॅटरीच घेत नाही.

मामांकडे नेमकं तेच झालं. स्वस्थ असताना दोन्ही बॅटऱ्या १२.६ दाखवत होत्या. मग मीटरच्या चिमट्यांनी एकेक बॅटरी जोडली, मामांना गाडीवर बसवलं आणि गल्लीतून मी शेजारी चालत गेलो. एक १२ च्या आसपास टिकली, दुसरी ९ वर कोसळली. चार्जिंगला हीच आधी फुगून १५ च्या वर जायची, बेरीज २८.८ व्हायची आणि चार्जर बिचारा हिरवा दिवा लावून मोकळा. दिवा कधीच हिरवा होत नसेल, तर स्वस्थ असताना एखादी १०.५ दाखवते का बघा. सहा सेलांपैकी एक गेलेला असतो.

साताऱ्यात अशी बॅटरी लवकर उघडी पडते. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे चढताना मोटार जास्त करंट ओढते. सांगलीच्या सपाटीवर तोच दोष महिनाभर लपतो. सांगलीचं दुखणं वेगळं, पाण्याचं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कृष्णेचं पाणी शिरलं, त्या घरांतल्या जमिनीवरच्या चार्जरांत गाळ गेला. गाळ वाळला तरी दमट हवेत वीज वाहू शकतो. असा चार्जर उन्हात वाळवून वापरायचा नाही, टाकायचाच. चार्जर फळीवर ठेवा.

मामांच्या दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलल्या, कारण जुनीच्या जोडीला नवी दिली की नवीही लवकर संपते. जुना चार्जर अजून चालतोय. नवा दुकानदारानं परत घेतला नाही, तो फडताळात पडून आहे.