पाहुण्याची खोली

सकाळी नऊ. ग्रँट रोड स्टेशनबाहेर शाळेची मुलं गोळा होतात. सूचना दोनच : रांग मोडायची नाही, जिन्यात पळायचं नाही. दुसरी कोणी पाळत नाही.

दहा. गावदेवीतला लॅबर्नम रोड. मणिभवनापुढे ठरलेला प्रश्न येतो, ''सर, हे गांधीजींचं घर ना?'' नाही. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथं उतरायचे. पाहुणा एक, पण त्याला भेटायला उभा देश यायचा. यजमानांच्या चुलीला उसंत मिळत नसणार.

तळमजल्यावरचं ग्रंथालय दारातूनच दाखवतो. वर हिटलरला लिहिलेलं पत्र आहे. तिथून मुलांना हलवणं हेच काम.

अकरा. दुसरा मजला. काचेपलीकडे गादी, तक्क्या, चरखे. इथं मात्र मी रेंगाळतो आणि तारखा गुंडाळून ठेवतो. 1919 च्या सुरुवातीला गांधीजी आजारानं पार खंगले होते. दूध न पिण्याचं व्रत. डॉक्टर दलाल म्हणाले, दुधाशिवाय अंग भरायचं नाही. तोड कस्तुरबांनी काढली : व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं चालेल. ते प्याले, पण व्रताचे शब्दच तेवढे पाळले, ही बोच आत्मकथेत नोंदवली. मुलांना आजीची ही वकिली फार आवडते.

मग पिंजाऱ्याची गोष्ट. सुताला पेळू हवेत, पेळूंना पिंजलेला कापूस. घरावरून रोज एक पिंजारी धनुकली वाजवत जायचा. त्याला बोलावलं. तो गाद्यांचा कापूस पिंजणारा; पेळूंसाठी पिंजायला तयार झाला, पण भाव चढा लावला. गांधीजींनी तो दिला! त्या सुताच्या पवित्रा एकादशीसाठी माळा झाल्या. चरख्याच्या गुणगुणण्यानं आपल्याला बरं केलं, असं ते लिहितात. खादीच्या धड्यात हा पिंजारी मला कधी भेटला नाही.

बारा. गच्ची. 4 जानेवारी 1932 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना इथूनच पकडून नेलं. वार सोमवार, म्हणजे मौनाचा, बोलणं कागदावर. ऊन फार, लवकर खाली उतरतो.

एक. ऑगस्ट क्रांती मैदानात डबे उघडतात. ''एवढ्या लोकांचा स्वयंपाक कोण करायचं?'' एक मुलगी विचारते. दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न. थोरामोठ्यांच्या घरांत आपण बैठक जपतो. चूल, मोरी आणि पाणी भरणारे हात मांडायला विसरतो. ही उणीव एकट्या या घराची नाही.

तीन. दुसरा गट, मोठ्या माणसांचा. सेल्फी, घड्याळ, निघायची घाई.

मुलांना घेऊन येणार असाल तर एक विनंती : सनावळीचा कागद घरी ठेवा आणि दुसऱ्या मजल्यासाठी निदान अर्धा तास राखा.