केळीच्या सालीचं पाणी आणि आपली काळी माती

गुलाबाला कळी धरत नाही म्हणावं, की साखरखेर्ड्यात कुणीतरी हमखास सांगतं: केळीच्या साली दोन दिवस पाण्यात भिजत घाला, ते पाणी मुळाशी ओता, झाड लगडून जाईल. मोबाइलवर रोज नव्याने फिरणारा हा उपाय ऐकून ऐकून कान किटले, म्हणून एकदा हिशोबच मांडू.

केळीच्या सालीत पालाश असतो आणि तो पाण्यात उतरतोही. इथवर सगळं बरोबर. पण ताज्या सालीत शंभरातले ऐंशी-नव्वद भाग नुसतं पाणी. चाळीस ग्रॅमच्या एका सालीतून हाती लागणार तो फार तर अर्धा ग्रॅम पालाश. नत्र तर नावापुरतंच.

आता पायाखालची जमीन बघा. बेसॉल्ट खडक झिजून झालेली ही काळी माती मुळातच पालाशाने श्रीमंत. माती परीक्षणाच्या वर्गवारीत हेक्टरी २८० किलोच्या वर उपलब्ध पालाश असला की तो 'जास्त' धरतात. म्हणजे चौरस मीटरभर वाफ्यात २८ ग्रॅम, आणि तोही मुळांना घेता येईल असा. त्यात तुमच्या अर्ध्या ग्रॅमची काय मातब्बरी? खोटं वाटत असेल तर २०१५ पासून मिळू लागलेली मृदा आरोग्य पत्रिका घरात कुठेतरी पडली असेल, ती काढा. पालाशाचा आकडा वाचा, मग नत्राचा आणि सेंद्रिय कर्बाचा. आपल्या भागात रडगाणं बहुधा या शेवटच्या दोघांचं असतं. जे घरात पोत्याने भरलंय तेच आपण चिमटीने आणून घालतो!

गुलाब अडतो तो वेगळ्याच कारणांनी. ऊन पुरत नाही, छाटणी झालेली नसते, नाहीतर चिकण मातीत पाणी साचून मुळं गुदमरतात.

अंड्याच्या टरफलांचंही तेच. ती चुन्याची, आपल्या जमिनीत चुनखडी आधीच, आणि सामू सातच्या वर असला की ती विरघळायचं नावच घेत नाहीत. चहाच्या चोथ्याने किंवा लिंबाच्या सालींनी अशी माती आंबट होत नाही. संत्र्याच्या सालींनी गांडुळं मरतात म्हणतात; ढीगभर ताज्या घातल्या तर ती लांब पळतात, थोड्या मिसळल्या तर काही बिघडत नाही. शिळी भाजी-पोळी मुळाशी पुरली तर मात्र फायदा उंदीर-घुशींचा.

मग साली फेकायच्या का? मुळीच नाही. कुजवायच्या. उघड्या उकिरड्यावर टाकलं तर नत्र उन्हात उडतं, उरलेलं पावसात वाहतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी यावरच उपाय काढला. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ते टाकं 'नाडेप' म्हणून देशभर गेलं: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, भिंतींना हवेसाठी भोकं, आत काडीकचरा, शेण आणि मातीचे थर. खत व्हायला तीन-चार महिने.

परसात एवढं मोठं टाकं कशाला? भोकं पाडलेला जुना ड्रमही चालतो. ओल्या सालींच्या दुपटीने वाळका पाला घाला, वर मूठभर माती पसरा. ड्रम सावलीतच ठेवा. आपल्या मे महिन्यात तो आठवड्यात कोरडा पडतो आणि कुजणं थांबतं, तेव्हा पाण्याचा हबका मारत राहा. आणि फळांवरचे ते छोटे प्लास्टिकचे स्टिकर आधी काढा, ते काही कुजत नाहीत.