मराठी माध्यमातील विद्यार्थी आणि स्पॅनिश भाषा

मराठी ही ज्यांची शाळेची भाषा आहे अशा विद्यार्थ्यांनी माध्यमिक स्तरावर स्पॅनिश ही परकीय भाषा शिकताना कोणत्या गोष्टी सोप्या व कोणत्या अवघड ठरतात, हा या लेखाचा विषय आहे. उदाहरणासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांची भाषिक परिस्थिती घेतली आहे. स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांची अधिकृत भाषा व संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक असून ती मातृभाषा म्हणून बोलणाऱ्यांची संख्या सुमारे ५० कोटी आहे. भारतात ती सामान्यतः इंग्रजीच्या आधाराने शिकवली जाते. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मार्ग अनेक ठिकाणी लांबचा आहे, कारण व्याकरणाच्या काही महत्त्वाच्या बाबतींत स्पॅनिश इंग्रजीपेक्षा मराठीला जवळची आहे.

अभ्यासक्रमातील स्थान

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक स्तरावर उपलब्ध करावयाच्या परकीय भाषांत कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज व रशियन यांच्यासह स्पॅनिशचा उल्लेख आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेतही स्पॅनिश हा विषय आहे. दहावीपर्यंत मात्र मराठी माध्यमाच्या शाळेत सर्वसाधारणपणे मराठी प्रथम भाषा, हिंदी किंवा हिंदी-संस्कृत संयुक्त ही द्वितीय भाषा आणि इंग्रजी तृतीय भाषा अशी रचना असते. चौथ्या भाषेला वेळापत्रकात जागा उरत नाही. २००० सालापासून राज्यात इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. त्यापूर्वी ती पाचवीपासून असे.

शहापूर व मुरबाडमधील भाषा

शहापूर तालुका मुंबई-नाशिक महामार्गावर व कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. मुरबाड कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर असून तेथे रेल्वे नाही. दोन्ही तालुक्यांत आदिवासी लोकवस्ती मोठी असून शहापूर येथे आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय आहे. कातकरी, वारली, ठाकर व महादेव कोळी समाजांतील अनेक मुले आश्रमशाळांत शिकतात. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीसोबत कातकरी, वारली, ठाकरी, आगरी अशा या भागातील बोलींचीही नोंद आहे.

अशा बोली घरी बोलणाऱ्या मुलाला पाठ्यपुस्तकातील प्रमाण मराठीसुद्धा शाळेतच शिकावी लागते. अभ्यासक्रमात ती ‘प्रथम भाषा’ असली तरी या मुलासाठी ती दुसरी ठरते, आणि स्पॅनिश शिकायचीच झाली तर ती पाचवी. भाषा शिकण्याचा त्याचा सराव त्यामुळे एकभाषिक विद्यार्थ्यापेक्षा अधिक असतो. गुणपत्रिकेत या सरावाची नोंद कुठेच होत नाही.

उच्चार

स्पॅनिशमध्ये आ, ए, इ, ओ, उ हे पाचच स्वर आहेत, आणि एका अक्षराचा उच्चार बहुधा एकच असतो. देवनागरी वाचणाऱ्याला ही शिस्त ओळखीची वाटते. अडचण येते ती रोमन लिपी इंग्रजीतून शिकल्यामुळे. इंग्रजीच्या सवयीने विद्यार्थी ‘तोमाते’ (टोमॅटो) या शब्दाचा उच्चार ‘टोमाटे’ असा करतो. स्पॅनिशमध्ये मात्र मूर्धन्य ट, ड नाहीत. तेथील ध्वनी त, द यांच्याप्रमाणे दंत्य आहेत. इंग्रजी भाषकाला प्रयत्नाने कमवावा लागणारा हा उच्चार मराठी मुलाच्या तोंडी आधीच असतो. त्याला फक्त रोमन अक्षर पाहून ‘ट’ म्हणण्याची सवय सोडावी लागते.

याहून लक्षणीय उदाहरण शब्दारंभीच्या जोडाक्षरांचे आहे. खेड्यात ‘स्कूल’चे ‘इस्कूल’ होते आणि इंग्रजीच्या तासाला ते चूक म्हणून दुरुस्त केले जाते. स्पॅनिशमध्ये असा आधारस्वर हा नियमच आहे: शाळा म्हणजे ‘एस्कुएला’, स्थानक म्हणजे ‘एस्तासिओन’, विद्यार्थी म्हणजे ‘एस्तुदिआन्ते’. आगरी, कुणबी बोलींत ‘पाणी’चे ‘पानी’ होते, तेही येथे आड येत नाही, कारण स्पॅनिशमध्ये ण आणि ळ हे ध्वनीच नाहीत.

नव्याने शिकावे लागणारे ध्वनी थोडे आहेत. ‘पेरो’ या शब्दात र एकदाच उच्चारला तर अर्थ ‘पण’ असा होतो आणि जीभ थरथरवून लांबवला तर ‘कुत्रा’ असा. ‘ह’चे रोमन अक्षर अनुच्चारित असते. ब आणि व यांच्या रोमन अक्षरांचा उच्चार एकच होतो, त्यामुळे श्रुतलेखनात चुका होतात; त्या स्पेनमधील मुलांच्याही होतात.

व्याकरण

‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’ असे होते. आंबे अनेक असतील तर ‘मला आंबे आवडतात’ याप्रमाणेच ‘मे गुस्तान लोस मांगोस’ असे क्रियापद बदलते. दोन्ही भाषांत आवडणारी वस्तू कर्ता आहे आणि ज्याला आवडते तो चतुर्थीसदृश रूपात येतो. इंग्रजीत मात्र ‘मी’ हा कर्ता होतो. म्हणून इंग्रजीतून शिकवताना या रचनेसाठी स्वतंत्र धडा लागतो, तर मराठीतून एक वाक्य पुरते.

कर्माच्या बाबतीतही असेच साम्य आहे. ‘मी घर पाहतो’ पण ‘मी बाईंना पाहतो’. निर्जीव कर्माला प्रत्यय नाही, विशिष्ट व्यक्तीला आहे. स्पॅनिशमध्येही ‘वेओ ला कासा’, पण ‘वेओ आ ला माएस्त्रा’, येथे ‘आ’ हे शब्दयोगी व्यक्तीपूर्वी येते. ‘तू यावेस अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावेस’ या विध्यर्थी रूपाला ‘किएरो के बेंगास’ मधील ‘बेंगास’ हे रूप जवळचे आहे. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील फरक ‘तू’ आणि ‘उस्तेद’ या सर्वनामांनी दाखवला जातो. पहिले सर्वनाम तर उच्चारातही सारखे आहे. मात्र ‘उस्तेद’बरोबर क्रियापद तृतीय पुरुषाचे येते.

लिंगविचारात साम्य आहे आणि सापळाही आहे. ‘पांढरा बोका, पांढरी मांजर’ याप्रमाणे ‘गातो ब्लांको, गाता ब्लांका’ असे विशेषण बदलते, ही कल्पना मराठी विद्यार्थ्याला समजावून सांगावी लागत नाही. परंतु मराठीत विकारी विशेषण पुल्लिंगी असता आकारान्त होते, तर स्पॅनिशमध्ये आकारान्त रूप बहुधा स्त्रीलिंगी असते. कानाची सवय येथे उलट दिशेने ओढते. शिवाय नपुंसकलिंगी नामांची वाटणी करावी लागते: पुस्तक (लिब्रो) पुल्लिंगी, घर (कासा) स्त्रीलिंगी.

खरी अडचण भूतकाळाची आहे. ‘मी पुस्तक वाचले’, ‘मी गोष्ट वाचली’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्ये दोन्ही ठिकाणी ‘लेई’ हे एकच रूप येते, कारण ते कर्त्याला धरून असते. दुसरी अडचण ‘आहे’ या एका क्रियापदासाठी दोन क्रियापदे असण्याची. ‘तो शहापूरचा आहे’ यात ‘एस’ येते आणि ‘तो शहापुरात आहे’ यात ‘एस्ता’. पहिले मूळ किंवा स्वरूप सांगते, दुसरे ठिकाण किंवा अवस्था. येथे मराठीचा उपयोग होत नाही आणि इंग्रजीचाही नाही.

शब्दसंग्रह

वसई व आसपासच्या उत्तर कोकणात १७३९ पर्यंत सुमारे दोनशे वर्षे पोर्तुगीज सत्ता होती. पोर्तुगीज ही स्पॅनिशची भगिनीभाषा असल्याने त्या संपर्कातून मराठीत रुळलेले काही शब्द स्पॅनिश शिकताना पुन्हा भेटतात. ‘पगार’ हा ‘पैसे देणे’ या अर्थाच्या ‘पागार’ क्रियापदापासून आला आणि ते क्रियापद स्पॅनिशमध्येही तेच आहे. पाद्री (पाद्रे), पाव (पान) हे असेच. काही शब्द फसवतात. ‘तुरुंग’ ज्या शब्दावरून आला तो ‘त्रोंको’ स्पॅनिशमध्ये झाडाचे खोड आहे. कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी खोड्यावरून कैदखान्याचा अर्थ आला. ‘बाताता’ म्हटल्यास हाती रताळे येते, बटाटा नव्हे. त्याला स्पेनमध्ये ‘पाताता’ व लॅटिन अमेरिकेत ‘पापा’ म्हणतात.

परीक्षा

स्पॅनिश भाषेच्या प्रावीण्यासाठी ‘देले’ ही आंतरराष्ट्रीय परीक्षा इन्स्तितुतो सेर्वांतेस या स्पेन सरकारच्या संस्थेतर्फे होते. या संस्थेचे केंद्र नवी दिल्ली येथे आहे. ११ ते १७ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी या परीक्षेची स्वतंत्र आवृत्ती असते. महाराष्ट्रात परकीय भाषांच्या अध्यापनाची जुनी परंपरा पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आहे. मुरबाडच्या विद्यार्थ्याला तेथे माळशेज घाट चढून जुन्नर-नारायणगावमार्गे जाता येते.