संगणकातील दुभाषी आणि त्याचे पत्ते

तुमच्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद संगणकावर आहे, अशी कल्पना करा. तुम्ही पुस्तकाचे नाव टंकता आणि ते कपाटात आहे की कोणी नेले आहे, हे पडद्यावर उमटते. हे सारे एकच प्रोग्रॅम करतो असे वाटते. प्रत्यक्षात तेथे दोन प्रोग्रॅम असतात. एक तुमच्याशी बोलतो, दुसरा नोंदींचा साठा, म्हणजे डेटाबेस, सांभाळतो. दोघे एकाच संगणकावर असतील किंवा दोन निरनिराळ्या गावी. मग त्यांची गाठ पडते कशी?

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल या दोन्ही डेटाबेसांना एसक्यूएल ही भाषा समजते. पण तारेतून जाणाऱ्या बाइटांची मांडणी प्रत्येकाची वेगळी. म्हणून मध्ये दुभाषी लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. (वाहन चालवणाऱ्याशी याचा संबंध नाही!) मायक्रोसॉफ्टने १९९२ साली ओडीबीसी नावाचा संकेत आणला. प्रोग्रॅमने प्रश्न एकाच ठरावीक रीतीने विचारावा, पुढचे भाषांतर ड्रायव्हरने करावे, असा तो संकेत. लिनक्ससारख्या युनिक्सच्या कुळातील प्रणालींवर ही व्यवस्था युनिक्सओडीबीसी पाहते.

युनिक्सच्या परंपरेप्रमाणे ही सारी मांडणी साध्या मजकुराच्या फायलींत असते. एका फायलीत दुभाष्यांची यादी: कोणता ड्रायव्हर डिस्कवर कोठे आहे. दुसरीत पत्ते: 'ग्रंथालय' या नावाने हाक आली, तर कोणता दुभाषी घ्यायचा, कोणत्या संगणकाकडे जायचे आणि कोणत्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे त्या संगणकाच्या दाराचा क्रमांक. तो १६ बिटांचा, म्हणून सर्वांत मोठा क्रमांक ६५,५३५. मायएसक्यूएलचे नेहमीचे दार ३३०६, पोस्टग्रेसक्यूएलचे ५४३२. डेटाबेस उद्या दुसऱ्या संगणकावर हलवला, तर पत्त्याची एक ओळ बदलायची. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

आता एक गंमत पाहा. डेटाबेस त्याच संगणकावर असेल तर पत्ता 'लोकलहोस्ट' असा लिहितात. हाच पत्ता अंकांत १२७.०.०.१ असा होतो. दोन्ही एकच, असे कोणीही म्हणेल. पण युनिक्सवर मायएसक्यूएलचा प्रोग्रॅम 'लोकलहोस्ट' वाचला की जाळ्याच्या वाटेने जातच नाही. तो सॉकेट नावाच्या एका खास फायलीतून आतल्या आत बोलतो. अंक लिहिले तरच तो पोर्टकडे जातो. पोस्टग्रेसक्यूएलचे उलट! तेथे 'लोकलहोस्ट' लिहिले तर जाळ्याची वाट, आणि संगणकाचे नाव मुळीच लिहिले नाही तर सॉकेट. डेटाबेस ठणठणीत चालू असूनही 'जोडणी होत नाही' असा संदेश पुष्कळदा यामुळेच येतो, आणि माणसे बिचाऱ्या डेटाबेसलाच पुन्हा बसवू लागतात.

संदेश नीट वाचला तर तो बरेच सांगतो. 'जोडणी नाकारली' याचा अर्थ बहुधा असा, की संगणक सापडला, पण त्या दाराशी ऐकणारे कोणी नाही. बराच वेळ थांबून 'वेळ संपली' असे आले, तर निरोप वाटेतच अडला असावा. 'या नावाचा पत्ता सापडला नाही' असे आले, तर निरोप निघालाच नाही. फायलीतले नाव तपासा. प्रयोगशाळेतल्याप्रमाणे येथेही एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष कशाने गेला ते कळत नाही.

राहता राहिला संकेतशब्द. सर्वांसाठी असलेली पत्त्यांची फाइल सर्वांना वाचता यावी लागते. तिच्यात संकेतशब्द लिहिला, तर त्या संगणकावर खाते असलेला कोणताही विद्यार्थी तो वाचेल आणि कदाचित थकलेली पुस्तके आपल्या नावावरून पुसूनही टाकेल! म्हणून तो स्वतःच्या खासगी फायलीत ठेवावा. युनिक्समध्ये वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १ असे परवानगीचे गुण असतात. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. मग ६४४ म्हणजे काय? मालकाला ४ + २, इतर सर्वांना नुसते वाचन. संकेतशब्दाच्या फायलीला ६०० हवे. पोस्टग्रेसक्यूएल याबाबत कडक आहे: त्याच्या संकेतशब्दाच्या फायलीवर गटाला किंवा इतरांना कसलीही परवानगी दिसली, तर ती फाइल तो वाचतच नाही.