दुसऱ्याच्या जमिनीवरचं जंगल: वुडलँड ऑफिसर काय करतो?

मंडळी, फॉरेस्ट ऑफिसर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खाकी वर्दी, जीप आणि ताडोबा-मेळघाट उभे राहतात. इंग्लंडमधला फॉरेस्ट्री कमिशनचा वुडलँड ऑफिसर मात्र वेगळाच! त्याच्या ताब्यात जंगल नसतंच. इथली बहुतेक वनं खाजगी मालकीची आहेत आणि सरकारी वनं कमिशनचीच दुसरी शाखा, फॉरेस्ट्री इंग्लंड, सांभाळते. मग हा अधिकारी करतो तरी काय? दुसऱ्याच्या जमिनीवर योग्य झाड योग्य जागी लागावं आणि असलेलं झाड उगाच पडू नये, हे तो पाहतो.

थोडा इतिहास

पहिल्या महायुद्धात लाकडाची आयात अडली, तेव्हा ब्रिटनमध्ये जेमतेम ५ टक्के जमिनीवर झाडी उरली होती. म्हणून १९१९ मध्ये फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झालं. आज युनायटेड किंग्डममध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे, एकट्या इंग्लंडमध्ये सुमारे १०. गंमत म्हणजे त्याआधी, १८८५ मध्ये, सरे परगण्यातल्या कूपर्स हिल कॉलेजात वनशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू झाला होता, तो हिंदुस्थानातल्या जंगलांसाठी अधिकारी घडवायला!

लावण्याआधी

समजा, एखाद्या शेतकऱ्याला पडीक शेतात झाडं लावायची आहेत. अनुदान मिळू शकतं. २०२१ पासून त्यासाठी इंग्लंड वुडलँड क्रिएशन ऑफर ही योजना आहे. पण आधी ऑफिसर नकाशे घेऊन शेतावर येतो. माती कशी आहे, पाणी कुठे साचतं, हे पाहतो. रानफुलांचं जुनं कुरण, जमिनीवर घरटं करणारे पक्षी किंवा मातीखाली पुरातन अवशेष तर नाहीत ना, याची चौकशी होते. शेजाऱ्यांचंही ऐकून घ्यावं लागतं.

कधी कधी उत्तर 'नाही' असतं, आणि ते फार महत्त्वाचं असतं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री नावाचा दलदलीचा विस्तीर्ण प्रदेश आहे. हजारो वर्षांच्या शेवाळाच्या थरांतून तिथे पीट तयार झालं आणि त्यात प्रचंड कार्बन साठला. १९८० च्या दशकात करसवलतीच्या लोभाने तिथे चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. दलदल सुकू लागली आणि पक्ष्यांचा अधिवास गेला. १९८८ च्या बजेटमध्ये ती सवलत बंद झाली. त्यानंतर तिथली कित्येक झाडं तोडून, चर बुजवून दलदल पुन्हा जिवंत करावी लागली. २०२४ मध्ये हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. झाड लावणं हे नेहमीच पुण्य नसतं, ते असं!

लावल्यानंतर

लागवड साधारण नोव्हेंबर ते मार्च, रोपं सुप्तावस्थेत असताना होते. दोन-दोन मीटरवर लावली तर एका हेक्टरात २,५०० रोपं बसतात. खरी कसोटी पुढे असते. हरणं कोवळे शेंडे खातात, उत्तर अमेरिकेतून आणलेल्या करड्या खारी साल सोलतात आणि गवत रोपांचं पाणी पळवतं. २०१२ मध्ये अ‍ॅश वृक्षाचा बुरशीजन्य रोग ब्रिटनमध्ये आढळला आणि एकाच जातीवर भिस्त ठेवण्याचा धोका सगळ्यांना कळला. म्हणून आता मिश्र लागवडीवर भर असतो.

तोडण्याची परवानगी

१९६७ च्या कायद्यानुसार झाडं तोडायला सहसा लायसन्स लागतं आणि त्यासोबत पुन्हा लागवड करण्याची अटही येऊ शकते. ठरावीक अटींत, तीन महिन्यांच्या एका तिमाहीत ५ घनमीटरपर्यंत लाकूड लायसन्सशिवाय तोडता येतं. पण त्यातलं २ घनमीटरपेक्षा जास्त विकता येत नाही. घराच्या बागेतल्या झाडांना हे लायसन्स लागत नाही. मात्र कौन्सिलने एखाद्या झाडाला संरक्षण दिलेलं असू शकतं, तेव्हा कुऱ्हाड उचलण्यापूर्वी कौन्सिलला फोन जरूर करा!

आपल्या मुलांसाठी

डॉक्टर, इंजिनियर, आयटी यापलीकडे बघणाऱ्या मुलामुलींना हे क्षेत्र जरूर सुचवा. शिकता शिकता पगार देणारी वुडलँड ऑफिसरची पदवी-अप्रेंटिसशिप २०२२ मध्ये सुरू झाली. चिखलाचे बूट, नकाशा वाचण्याची हौस आणि माणसांशी बोलण्याची चिकाटी हवी. आज लावलेला ओक भरात येईल तेव्हा आपली नातवंडं आजी-आजोबा झालेली असतील. एवढा धीर मात्र हवाच!