स्लॅब उचलण्याआधीचं सलाइन

भूकंपानंतर ढिगाऱ्याखालून एखादा माणूस जिवंत निघतो. तो बोलतो, पाणी मागतो, कधी हसतोसुद्धा. सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि थोड्याच वेळात तो दगावतो. आठ-दहा तास स्लॅबखाली तग धरलेला माणूस सुटल्यावर का मरावा?

उत्तर चक्रावणारं आहे. ज्या स्लॅबने त्याला चिरडलं, तोच तोवर त्याला जगवतही होता.

आपल्या शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यातलं बहुतेक स्नायूंमध्ये. मांडी तासन्‌तास दाबली गेली की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि आतला ऐवज बाहेर सांडतो. पण वजन आहे तोवर तिथला रक्तप्रवाहही जवळजवळ थांबलेला असतो, त्यामुळे सांडलेलं बरंचसं तिथेच अडून राहतं. वजन हटलं की बांध फुटतो. पोटॅशियम हृदयाशी पोचतं आणि हृदय बंद पडू शकतं. यातून वाचलाच, तर दुखावलेला स्नायू रक्तातलं पाणी लिटर-लिटरने शोषून घेतो. शिवाय मायोग्लोबिन, म्हणजे स्नायूला लाली देणारं प्रथिन, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकतं. लघवी कोऱ्या चहासारखी होते, मग थांबतेच.

1941 मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, एरिक बायवॉटर्स आणि डेस्मंड बील यांनी अशा चार रुग्णांचं वर्णन छापलं. इलाजाची किल्ली मात्र बऱ्याच उशिरा सापडली. 1982 मध्ये लेबनॉनच्या टायर शहरात एक इमारत कोसळली. तिथे सात जखमींना ढिगाऱ्यातून काढतानाच सलाइन सुरू केलं गेलं, आणि सातांपैकी एकाचंही मूत्रपिंड निकामी झालं नाही. साधं मिठाचं पाणी, फक्त वेळेवर! म्हणून आता डॉक्टर जमलं तर आधी फटीतून आत सरपटतो, हाताला लागेल तो हात धरून शीर शोधतो आणि तासाला सुमारे एक लिटर या वेगाने सलाइन सोडतो. जॅकची पाळी त्यानंतर. सलाइनही असं, ज्यात पोटॅशियम नाही. (आपल्याकडे कुणी मायेने शहाळं पुढे करील. अशा रुग्णाला ते नकोच, शहाळ्यात पोटॅशियम भरपूर.)

सलाइनला उशीर झाला तर डायलिसिस, आणि खरी पंचाईत तिथे आहे. एका वेळच्या डायलिसिसला शंभरहून जास्त लिटर शुद्ध पाणी लागतं, वीज लागते. भूकंपाने नेमकं हेच हिरावलेलं असतं. 7 डिसेंबर 1988 च्या आर्मेनियातल्या भूकंपानंतर जगभरातून यंत्रं आली, डॉक्टर आले, पण कोणी कुठे काय करायचं याचा मेळ नव्हता. नुसती दानत पुरत नाही, हे तिथे कळलं. त्या अनुभवातून मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपत्तीसाठी खास पथक उभारलं.

17 ऑगस्ट 1999 ला तुर्कस्तानच्या मार्मारा भागात भूकंप झाला, तेव्हा हे पथक तिथल्या डॉक्टरांच्या मदतीला होतं. मूत्रपिंडाला इजा झालेले 639 जण नोंदले गेले, त्यांतल्या 477 जणांना डायलिसिस लागलं. 97 दगावले. उरलेले 542 वाचले.